ठोसेबाज, भाग चौथा

॥ श्री ॥
बार्शी, दि. २५ ऑक्टोबर २०२५

चि. नागनाथ यास सोजरआक्काचे अनेक आशीर्वाद.

भाऊबीज झाली. पाट मांडला, रांगोळी घातली, तुला आवडतात म्हणून खव्याच्या पोळ्या केल्या आणि दिवेलागणीपर्यंत उंबऱ्यात बसून राहिले. शेवटी चंद्राला ओवाळलं. भाऊ नसलेल्या बायका ओवाळतात तसं! सोलापुरात माझा धडधाकट भाऊ बसलाय आणि मी हितं गच्चीवर ताट घेऊन उभी. अपेक्षानं मोबाईलवर दाखवलं तेव्हा कळलं, भाऊ थेटराच्या दारात गुलाल माखून नाचतोय. पन्नाशी आली रे नागू. तुझ्या दुकानात शाळेचे गणवेश शिवून घ्यायला येणाऱ्या आयांनी बघितलं असेल तर काय म्हणत असतील?

अपेक्षा म्हणते, आई, मामाला मेसेज कर, पत्रं कोण लिहितं आता. तिला काय कळणार? माझे कान गेल्यापासून फोन म्हणजे नुसता ठोकळा. माणसाचं तोंड समोर दिसलं तर ओठांवरून सगळं ओळखते, पण फोनमध्ये तोंड कुठलं. आणि मोबाईलवरची अक्षरं उशाखाली ठेवता येत नाहीत. तू पत्र लिहीत जा, रागाचं असलं तरी चालेल.

आता कामाचं. डॉक्टरांनी माझ्या छातीचा फोटो काढला, हृदय थकलंय म्हणाले. घाबरू नकोस, मी लगेच जात नाही. पण तुझ्या दाजींचं राहिलंय ते माझ्या हातून व्हावं, माझ्यामागं पोरीच्या गळ्यात नको. तुला ठाऊक आहे तरी पुन्हा लिहिते, कारण हा विषय काढला की तू कानात बोळे घालतोस. कुर्डुवाडीच्या रेल्वे कारखान्यात डबा घेऊन गेले ते परत आलेच नाहीत. ना निरोप, ना मढं. अपेक्षा तेव्हा रांगत होती. बारा वर्षं झाली की पालाशविधी करावा म्हणतात, आपण त्याच्या दुप्पट थांबलो. पळसाच्या पानांचा माणूस करायचा, नारळाचं डोकं ठेवायचं आणि अग्नी द्यायचा. कार्तिकातली अमावस्या, वीस नोव्हेंबर, भटजींनी दिलीय.

अपेक्षा अग्नी द्यायला तयार आहे. पण आई-आप्पा गेल्यावर दाजींनी तुला पोरासारखं वाढवलं, तेव्हा हात तुझाच लागायला हवा. नाही म्हणू नकोस.

भावजयीला आणि पोरांना आशीर्वाद. तुझी वाट बघून डोळे दुखले तरी माया काही कमी झालेली नाही.

तुझी,
आक्का


सोलापूर, दि. २९ ऑक्टोबर २०२५

ती. सौ. आक्कास नागनाथचा साष्टांग नमस्कार.

चुकलो! कान धरले. चंद्राला ओवाळलंस हे वाचलं आणि जेवण गोड लागलं नाही बघ. पण आक्का, तूच सांग, 'ठोसेबाज'चा चौथा भाग पाडव्याला लागला, त्यात माझा काय दोष? येणार येणार म्हणून किती वर्षं झुलवलं. तिसऱ्या भागाला ज्यांना मिसरूड फुटत होती त्यांना आता नातवंडं झाली. पहिला भाग दाजींनी मला दाखवला, हाताला धरून नेलं होतं, ते तर तू विसरली नसशील. मग ठोसेबाजच्या चाहत्यांच्या मंडळाचा अध्यक्ष घरी खव्याच्या पोळ्या खात बसला असता तर लोकांनी तोंडात शेण घातलं असतं की!

आपल्या हिरोचं, मल्हारीचं, दोन माणूस उंचीचं कटआउट केलं. हार घातला, दुधाचा अभिषेक केला. तुझी भावजय त्या दुधावरून अजून बोलत नाही माझ्याशी. हलग्या लावल्या. गुंडा रिक्षावाल्यानं रिक्षाला बॉक्सिंगचे लाल हातमोजे बांधून नवी पेठेतून मिरवणूक काढली. आत शिरलो तर एकेकाचे गुडघे कुरकुरत होते, पण शिट्ट्या त्याच.

आता सिनेमा. मल्हारी म्हातारा झालाय. हात थरथरतो, एका डोळ्यानं कमी दिसतं, पोरांना बॉक्सिंग शिकवतो. एक माजोरडा पोरगा त्याचा पाणउतारा करतो आणि मल्हारी पुन्हा रिंगणात उतरतो. इथपर्यंत थेटर डोक्यावर घेतलं. शेवटची लढत आली. मल्हारी पडला. तुला माहीत आहे, पडला की पंच आकडे मोजतो आणि आपलं सोलापूर काय करतं. पहिल्या भागापासूनची चाल आहे. सगळं थेटर मिळून ओरडायचं, ‘ऊठ की!’ आणि मल्हारी उठायचा. पुण्याच्या लोकांना हे खोटं वाटतं, पण आपण ओरडल्याशिवाय तो कधी उठलेला नाही.

या खेपेला आम्ही घसा फाटेपर्यंत ओरडलो. मल्हारी उठला नाही. पंचानं आकडे संपवले, संगीत नाही, काही नाही, तो नुसता पडलेला आणि भोवती माणसं बसलेली. बराच वेळ. मग पडदा काळा. गुंड्यानं चप्पल फेकून मारली पडद्यावर. बाहेर येऊन जो तो भांडत होता. कोण म्हणतो, तिसऱ्यातच संपवायला हवा होता, म्हाताऱ्या माणसाला उगाच उठवून आणला. कोण म्हणतो, हेच खरं आहे, माणूस एक दिवस उठत नाही. एक कॉलेजचं पोरगं मोबाईलवर भाषण करत होतं, दिग्दर्शकाची आयमाय काढत होतं. मी तडक घरी आलो. मल्हारी उठला नाही हे खरं, पण म्हणून

जाऊ दे. नंतर लिहीन.

त्या विधीचं म्हणशील तर, जिवंत माणसाला अग्नी देत नसतात. माझ्यापुरता विषय संपला. तुझ्या छातीचं मात्र पुण्याला नेऊन दाखवू, मी येतो सोबत.

रागावलीस तरी पाठीवर हात असू दे.

तुझा,
नागू


बार्शी, दि. १ नोव्हेंबर २०२५

चि. नागनाथ यास आशीर्वाद.

तुझा मल्हारी पडला म्हणून अख्खं सोलापूर रडतंय आणि हितं सख्खी बहीण एक काम सांगते तर विषय संपला म्हणे. शाब्बास! हेच शिकवलं का दाजींनी?

ते जिवंत आहेत असं मलाही वाटायचं. दाराची कडी वाजली की उठायची. कान गेल्यावर पोरीला विचारायची, कुणी आलं का. अजून कुंकू लावते, मंगळसूत्र घालते. पण नागू, आता मला रोज त्यांच्यासाठी दार उघडं ठेवायचा कंटाळा आलाय. हे दुसऱ्या कुणाला सांगता येत नाही, बाई नवऱ्याला कंटाळली म्हणतील. तुला सांगते.

तू ‘पण म्हणून’ लिहून पुढचं गिळलंस. लहानपणी खोटं बोलायचास तेव्हाही असंच अर्ध्यावर सोडायचास. काय ते सरळ लिही. अपेक्षाची सहामाहीच्या पेपरांची तपासणी चालली आहे, ती नमस्कार सांगते.

उत्तराची वाट बघते आहे, ताटकळत ठेवू नकोस.

तुझी,
आक्का


सोलापूर, दि. ४ नोव्हेंबर २०२५

ती. सौ. आक्कास साष्टांग नमस्कार.

लिहितो. वेडा म्हणालीस तरी चालेल.

मल्हारी पडतो तेव्हा कॅमेरा मागं मागं जातो आणि रिंगणाभोवती बसलेली माणसं दिसतात. अर्धी अंधारात, सगळी गप. पहिल्या दिवशी आम्ही ‘ऊठ की’ म्हणून ओरडलो. मल्हारी हलला नाही. आणि तिसऱ्या रांगेत खुर्चीवरून एक माणूस उठला.

आक्का, ते दाजी होते.

केस पांढरे झालेत. गळ्याचं बटण लावलेलं, डावा खांदा जरा उतरलेला. उठून उभे राहिले आणि इकडं तोंड केलं, आमच्याकडं. काहीतरी बोलतात पण आमच्या आरडाओरड्यात कुणाला ऐकू येत नाही. आम्ही थांबलो की ते खाली बसतात. मी त्या दिवसापासून रोज जातो. दुकान दुपारचं बंद ठेवतो. ओरडलं की उठतात, गप झालं की बसतात. एकदाही चुकले नाहीत.

मी गुंड्याला सांगितलं, तिसऱ्या रांगेत आमचे दाजी आहेत. तर तो म्हणाला, तिसऱ्या रांगेत त्याचा बाप आहे. थेटराबाहेर गजरे विकणारी गौरम्मा म्हणते तिची पोरगी आहे, पोलक्याची बाही तशीच फाटलेली. सगळे त्याच खुर्चीवर बोट ठेवतात. आता लोक सिनेमा बघायला येतच नाहीत गं. दोन तास खाली माना घालून बसतात, मल्हारी पडायची वाट बघत. पडला की ओरडतात. नावं घेऊन ओरडतात. काल माझ्या मागं एक म्हातारी कन्नडमध्ये कुणाला तरी हाका मारत होती.

आमच्या मंडळाचे सर्वांत जुने सिद्धप्पा, गिरणीतून निवृत्त झालेले, त्यांना त्यांची बायको सुंदरम्मा दिसायची. रोज माझ्या शेजारी बसत. परवा घसा बसल्यामुळं ते ओरडले नाहीत; खेळ सुटला, सगळे उठले, ते बसूनच. झोप लागली असेल म्हणून खांद्याला हात लावला तर संपलेले. चेहरा इतका खुशीत की डॉक्टरसुद्धा दोनदा बघत राहिले. हृदय बंद पडलं म्हणाले. बसल्या जागी गेले, कसला त्रास नाही. मंडळानं शोकसभा घेतली.

आता नीट ऐक. तिसऱ्या भागाची लढत आपल्या सोलापूरच्या मैदानावर घेतली होती आणि गर्दीत दाजी खरोखर बसले होते, आठवतं का? सिनेमावाल्यांनी त्यांना या भागासाठी हुडकून काढलं असणार. म्हणजे दाजी कुठंतरी आहेत. म्हातारे झालेत पण आहेत! गुंड्याचा बाप त्यानं स्वतःच्या हातानं जाळलाय हे मला माहीत आहे, पण गुंड्याचे डोळे अधू आहेत आणि गौरम्मा तर दुःखानं खुळी झालेली. माझे डोळे चांगले आहेत. मग तू वीस तारखेला कुणाला जाळणार?

तब्येतीची काळजी घे आणि या वेड्या भावाला पदराखाली ठेव.

तुझा,
नागू


बार्शी, दि. ७ नोव्हेंबर २०२५

चि. नागनाथ यास आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. वाचून हात मंगळसूत्राकडं गेला तो बराच वेळ तिथंच राहिला.

अपेक्षाला मी काही सांगितलं नाही, नुसतं म्हटलं, जा, मामाचा सिनेमा बघून ये. हितं बार्शीत लागलाय. ती जाऊन आली. लोकांनी शिट्ट्या मारल्या, मल्हारी पडला तेव्हा बायका रडल्या, आणि सिनेमा संपला. तिसऱ्या रांगेत कोण उठलं का, असं विचारलं तर म्हणाली, गर्दीतलं एकही माणूस हललं नाही, चित्रासारखी बसलेली असतात. हितं कुणी ओरडत नाही ना. मग तिनं मोबाईलवर बाकीच्या गावांचं उघडून दाखवलं. कुठं शिव्या, कुठं कौतुक, पण उठणाऱ्या माणसाबद्दल कुणी अक्षर लिहिलेलं नाही. सोलापूर सोडून.

मी सोमवारी एस.टी.नं येते, अपेक्षा सोडायला येईल. माझा नवरा आहे, मी बघीन. जिता असला तर ओळखीन आणि नसला तरी ओळखीन. पण त्यानंतर मी सांगेन ते तू ऐकायचंस. कबूल असेल तरच स्टँडवर ये. भावजयीला म्हणावं खटाटोप करू नकोस, भाकरी आणि शेंगाची चटणी पुरे.

सिद्धप्पांचं वाचून जिवाला चैन नाही. तोवर स्वतःला जप रे बाबा.

तुझी,
आक्का


बार्शी, दि. १३ नोव्हेंबर २०२५

चि. नागनाथ यास आशीर्वाद.

सुखरूप पोचले. स्टँडवर निघताना तू सारखा विचारत होतास, आक्का, काय बघितलंस, आणि मी गाडीत चढून बसले. लोकांसमोर बोलवेना. म्हणून लिहिते.

तेच होते. सिनेमाचं सोंग नाही, दुसरा माणूस नाही. पण नागू, ते जिते नाहीत. संसार केलाय मी त्यांच्याशी, मला कळतं. जित्या माणसाची छाती वरखाली होते. एवढ्या मोठ्या पडद्यावर मी तेवढंच बघत होते.

तुम्ही सगळे ओरडत होता. मला काही ऐकू येत नव्हतं, म्हणून मला नीट दिसलं. सगळ्या थेटराची तोंडं उघडी, मानेच्या शिरा ताणलेल्या, तू तर खुर्चीवर उभा. आणि समोर ते, ओठ हलवत. माझ्यासारख्या बहिरीला ओठ वाचायला कितीसा वेळ? ते म्हणत होते, ‘नागू, बसू दे की. बसू दे की.’

माझं नाव नाही घेतलं. तुझं घेतलं. मी इतकी वर्षं समजत होते की मीच त्यांना अडकवून ठेवलंय, कुंकू लावून. मी तर केव्हाच सोडलं होतं रे. तू सोडलं नाहीस. रोज दुपारी जाऊन त्या थकल्या माणसाला उभा करतोस. दमलेत ते. त्यांना बसू दे.

कबूल केलंस तसं ऐक. वीस तारखेला ये आणि अग्नी दे. आणि विधी होईपर्यंत त्या थेटराची पायरी चढायची नाही. माझ्या गळ्याची शपथ आहे. गुंड्याबरोबर नाही, मंडळाबरोबर नाही, पाच मिनिटांसाठीसुद्धा नाही. दुकान उघड, गणवेश शिव, पोरांशी बोल.

पत्र मिळताच दोन ओळी टाक म्हणजे माझ्या घशाखाली घास उतरेल.

तुझी,
आक्का


सोलापूर, दि. १६ नोव्हेंबर २०२५

ती. सौ. आक्कास साष्टांग नमस्कार.

पत्र वाचलं. दुकानात गिऱ्हाईक बसलं होतं, त्याच्यादेखत रडलो. लाज वाटली नाही.

मला वाटायचं मी दाजींना भेटायला जातो. ते मला बघून उठतात, खूश होतात असं वाटायचं. मला काय माहीत ते विनवणी करतात म्हणून. आक्का, पहिल्या भागाला त्यांनी मला मांडीवर घेतलं होतं, चौदा वर्षांचा घोडा मी, मागचे लोक शिव्या देत होते आणि ते म्हणत होते पोराला दिसू दे. त्यांना मी असा त्रास दिला. माझ्या तोंडात कुणी मारायला पाहिजे होतं.

येतो. एकोणीसला संध्याकाळीच येतो. अग्नी देतो. शपथ पाळतोय, थेटराच्या रस्त्यानं जातसुद्धा नाही, गुंडा बोलवायला आला तर मी पाळणाघरातल्या पोरासारखा मागच्या खोलीत लपलो. तुझ्या भावजयीला हसू आवरेना, त्या दुधानंतर पहिल्यांदा हसली. आणि सिनेमा गुरुवारीच उतरतोय, शुक्रवारी नवा लागणार. नेमकी अमावस्या. सुटलो म्हणायचं.

पळसाची पानं हितून आणू का? तिकडं मिळत नसली तर कळव.

मोठ्या मनानं मला पदरात घे.

तुझा,
नागू


बार्शी, दि. २२ नोव्हेंबर २०२५

चि. नागनाथ यास आशीर्वाद.

तू गेल्यावर घर रिकामं वाटतंय, पण मोकळंही वाटतंय. विधी नीट झाला. पानं किती झटकन पेटली! तू हंबरडा फोडलास तेव्हा अपेक्षानं तुझा हात धरला, मला ऐकू आलं नाही पण तुझी पाठ दिसत होती. मंगळसूत्र मी माझ्या हातानं काढलं, कुणाला हात लावू दिला नाही. आता पत्रावर ‘सौ.’ लिहू नकोस. काल पहिल्यांदा दाराला आतून कडी घातली आणि झोपले. इतकी गाढ झोप कित्येक वर्षांत लागली नव्हती.

आता सगळं पार पडलं, सिनेमाही गुरुवारी उतरला, म्हणून एक खरं सांगते. आतापर्यंत दातांखाली धरून ठेवलं होतं.

मी तुला ओठांचं खोटं सांगितलं. ते ‘बसू दे की’ म्हणत नव्हते. दमलेही नव्हते. त्यांच्या शेजारची खुर्ची रिकामी होती, तुम्ही ओरडत होता म्हणून तुमची नजर तिकडं गेली नसेल. तिच्यावर हात थोपटत होते, जेवताना शेजारच्या पाटावर थोपटून तुला बोलवायचे तसं. आणि हसून म्हणत होते, ‘नागू, बस की. बस की.’

सिद्धप्पांना त्यांच्या सुंदरम्मानं काय म्हटलं असेल ते मला त्या क्षणी कळलं. माझा नवरा मी सोडायला तयार होते, पण भाऊ नाही. आणि तुला खरं सांगितलं असतं तर? तू बायको बघितली नसतीस, पोरं बघितली नसतीस, आनंदानं जाऊन बसला असतास. मला माझा नागू ठाऊक आहे. म्हणून म्हटलं, त्यांना त्रास होतो असं सांगितलं तरच तू थांबशील. त्यांच्या तोंडी खोटं घातलं, त्याचं काय व्हायचं ते माझं होईल.

आता त्यांना वाट मिळाली, बोलावणं थांबलं असेल. तरी पुन्हा कधी तो सिनेमा कुठं लागला, टीव्हीवर आला, तर बघू नकोस. आणि चुकून बघितलास तर ओरड, खूप ओरड, पण गप बसू नकोस. एवढं माझं ऐक.

अपेक्षाला यातलं काही सांगितलं नाही, आई खुळावली म्हणेल. उद्या रविवार, टपाल निघत नाही. सोमवारी मीच पोस्टात जाऊन टाकते, तेवढंच चालणं होईल.

जन्मभर पुरेल एवढा आशीर्वाद तुला आहे.

तुझी,
आक्का


सोलापूर, दि. २२ नोव्हेंबर २०२५

ती. आक्कास साष्टांग नमस्कार.

आधी ‘ती. सौ.’ लिहिलं आणि मग कागद फाडून दुसरा घेतला. ‘श्रीमती’ काही हाताला येईना. म्हणून नुसती आक्का. चालेल ना?

सुखरूप पोचलो. जीव हलका झालाय. गाडीत शेजारच्या माणसाशी मोहोळपर्यंत गप्पा मारत आलो, तुझ्या भावजयीला विश्वास बसेना. दुकान उघडलं, शाळांची स्नेहसंमेलनं जवळ आली, कामाचा ढीग पडलाय. पोरांना म्हटलं, सुट्टीत आत्याकडं जायचं.

आणि हितं काय झालंय बघ. गुरुवारी सिनेमा उतरला तर लोकांनी थेटराच्या मालकाला घेराव घातला. गौरम्मा तर दारात फतकल मारून बसली. शेवटी मालक वैतागला आणि आमच्या मंडळासाठी खास एक खेळ ठेवला, उद्या रविवारी सकाळी दहाचा. हा अगदी शेवटचा. गुंडा पास घेऊन आला तेव्हा मी आधी नको म्हणालो. मग विचार केला, तुझी शपथ विधी होईपर्यंतची होती, विधी तर झाला. दाजींना अग्नी दिला पण निरोप असा दिलाच नाही. आता ते तिथं असतील नसतील, देवाला माहीत. असले तर एकदा डोळे भरून बघीन.

घाबरू नकोस, ओरडणार नाही. बाकीचे ओरडतील, मी तोंडातून अवाक्षर काढणार नाही. मी गप बसणार आहे. मंडळानं ठरवलंय, ज्याचं माणूस गेलंय त्यानं शेजारची खुर्ची त्याच्या नावानं रिकामी ठेवायची, तीवर हार ठेवायचा. दाजींच्या खुर्चीसाठी मी आत्ताच झेंडूचा हार आणून पाण्यात ठेवलाय. तिच्या शेजारी माझी जागा.

तुझं पत्र अजून आलं नाही, सोमवार-मंगळवारी येईल. आल्यावर उत्तर टाकतो. तोवर छातीची गोळी चुकवू नकोस, आणि माया अशीच राहू दे.

तुझा,
नागू